स्टेरॉइडची सायकल संपल्यावर जायची जिम, विश्रामबाग, सांगली

रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार कशाचा कापला ते खाली येईलच. जिमचं नाव टाकत नाही कारण तिथले ट्रेनर सर स्वतःच म्हणाले की लिहायचं तर लिही पण "माल उतरलेल्यांचा वॉर्ड" असं नाव पडायला नको, बाकीची पण पोरं येतात इथं. विश्रामबागेत राहणाऱ्याला कळायचं ते कळेल.

मी सायकल (म्हणजे काही आठवडे स्टेरॉइडची इंजेक्शनं घ्यायची) का मारली, काय मारलं, कुणी दिलं यावर इथं एक अक्षर लिहिणार नाही, मेसेज करून विचारू पण नका. हा रिव्ह्यू फक्त त्यानंतरच्या काळाचा, म्हणजे इंजेक्शनं बंद झाली की आरशातलं अंग हळूहळू उतरायला लागतं आणि त्याच्यासोबत डोकं पण फिरायला लागतं, तेव्हा ट्रेनिंग कसं करायचं आणि कुणाच्या हाताखाली करायचं एवढ्यापुरताच. कारण सायकल सुरू करून द्यायला प्रत्येक गल्लीत एक भाऊ असतोय, संपल्यावर तोच भाऊ फोन उचलत नाही, आणि उचलला तर सांगणार काय, "डबल सेट मार, नाहीतर सगळं जाईल", नाहीतर सरळ "दुसरी टाक".

इथं बरोबर उलटं आहे. पहिल्या दिवशी सरांनी रॉडला हातच लावू दिला नाही, "रक्त तपासून ये, मग बघू." टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), एलएच आणि एफएसएच (ते बनवायला मेंदूकडून येणारे सिग्नल), कोलेस्ट्रॉल, लिव्हर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि बीपी, आणि टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी लवकर द्यायचं कारण दिवस चढेल तसं ते कमी होत जातं. रिपोर्ट आल्यावर ते स्वतः काही औषध सांगत नाहीत हे मला जास्त आवडलं. मी डॉक्टर न्हाय, मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, हार्मोनच्या डॉक्टरला दाखव, काय घेतलंस ते खरं सांग, लपवलंस तर तुझंच नुकसान, असं तोंडावर सांगून मोकळे. पीसीटीच्या (सायकलनंतर हार्मोन परत आणायच्या गोळ्यांच्या) नावाखाली जे पाकीट फिरतंय त्याला तर हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. एक कामाची गोष्ट पण कळली, हेवी व्यायाम केल्यावर एसजीओटी-एसजीपीटी हे लिव्हरच्या टेस्टमधले आकडे तसेही वाढलेले दिसू शकतात, म्हणून टेस्टच्या आधी काही दिवस जड वजन बंद, नाहीतर उगंच लिव्हर गेलं म्हणून घाबरायला होतं.

सरांनी समजावलेलं माझ्या भाषेत सांगतो. बाहेरून हार्मोन येत राहिलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, मग तो खाली एलएच-एफएसएचचा सिग्नल पाठवणंच बंद करतो आणि अंडकोष आपलं उत्पादन थांबवतात. सायकल बंद केली म्हणजे दुसऱ्या दिवशी उत्पादन सुरू झालं असं होत नाही, महिने लागतात, काहींना अजून जास्त, आणि काहींचं पूर्वीसारखं होतच नाही. मधल्या काळात बाहेरचं पण नाही आणि घरचं पण नाही. ह्याच काळात पोरं घाबरून दुप्पट व्यायाम करतात, रिकव्हरी तर निम्म्यावर आलेली असते, आणि मग मसल टिकायच्या ऐवजी अजून लवकर उतरतात.

आता मेन गोष्ट, वही. सरांकडं ॲप वगैरे काही नाही, साधी दोनशे पानी वही आणि लाल पेन. माझा जुना शेड्यूल मी बोलत गेलो तसा त्यांनी एका पानावर उतरवला, मग वजनाचे आकडे तसेच ठेवून सेटच्या आकड्यांवर रेघा मारत गेले. बेंचच्या ओळीत 90 किलो तसंच राहिलं, सहा सेटचे दोन झाले. फ्लाय, केबल, पेक डेक हे छातीचे बाकीचे व्यायाम, तिन्हीवर एकच आडवी रेघ. सहा दिवसांचे तीन दिवस. मी म्हटलं सर एवढ्यानं काय होणार, तर म्हणाले वाढवायला जेवढं लागतं त्याच्यापेक्षा टिकवायला लई कमी लागतं, तरुण माणसात आधीच्या एक तृतीयांश सेटवर पण साईज आणि ताकद टिकलेली अभ्यासात दिसलंय, पण अट एकच, रॉडवरचं वजन उतरवायचं नाही. हलकं वजन आणि वीस-वीस रेप्स (एका सेटमध्ये तेवढ्या वेळा उचलणं) यावर जायचं नाही, ताकद टिकवायला जड वजनच लागतं. आणि फेल्युअरपर्यंत जायचं नाही, अजून दोन रेप निघतील असं वाटलं की रॉड जाग्यावर.

फोर्स्ड रेप्स (दमल्यावर दुसऱ्याच्या हाताच्या आधारानं मारलेले) आणि एकाच रेपचा मॅक्स तर बंदच. त्याचं कारण कोपर. सायकलवर मसल भराभर वाढते, टेंडन त्या वेगानं तयार होत नाही, त्यामुळं ताकद आलेली असते आणि ती ओढणारी दोरीच कच्ची राहते. माझं डावं कोपर पुशडाऊनला (दंडाच्या मागच्या बाजूचा केबलवरचा व्यायाम) आतल्या बाजूनं दुखायचं, सरांनी बघितलं, दाबलं, आणि पुशडाऊन काढूनच टाकलं, त्याच्या जागी क्लोज ग्रिप बेंच (रॉडवर हात जवळ धरून), आणि रॉड खाली आणताना मोजून तीन सेकंद. स्वतः बाजूला उभं राहून मोजतात, घाई केली की शिवी.

टिकतं सगळं का? नाही. आणि हे ते पहिल्याच आठवड्यात तोंडावर सांगतात, फी घेऊन पण. आधी जे वजन जातं त्यात बरंचसं पाणी असतं, त्याचं दुःख करायचं नाही. त्यांनी 1996 चा एक अमेरिकन अभ्यास सांगितला, मी घरी येऊन वाचला पण. दहा आठवडे टेस्टोस्टेरॉन दिलेल्या लोकांतले जे अजिबात व्यायाम करत नव्हते त्यांचं पण चरबी सोडून वजन साधारण 3 किलो वाढलेलं, टेस्टोस्टेरॉन न घेता नुसता व्यायाम करणाऱ्यांचं 2 किलो आणि दोन्ही करणाऱ्यांचं 6. म्हणजे बसून राहून पण वाढत होतं भावांनो! मग जे औषधानं आलं त्यातलं काही औषधाबरोबर जाणार, त्यावर रडून उपयोग नाही, जे घाम गाळून आलंय ते धरून ठेवायचं. माझं बेंच थोडं खाली आलं आणि तिथं थांबलं, स्क्वॉट जवळपास तेवढाच आहे, दंडाचा घेर गेला तो गेला. झोप आणि भूक जाग्यावर आली, रिपोर्ट सुधारला, तसे सरांनी वहीत एकेक सेट परत वाढवत आणले.

खाण्याचं फार काही वेगळं नाही. कटिंग (चरबी उतरवायला कमी खाणं) या काळात बंद, पोटभर खायचं, वजनाच्या किलोमागं 1.6 ते 2.2 ग्रॅम प्रोटीन, म्हणजे 80 किलोच्या माणसाला 130 ते 175 च्या आसपास, अंड्यात 6 ग्रॅम धरा आणि हिशोब लावा. क्रिएटिन रोज 3 ते 5 ग्रॅम, साधं मोनोहायड्रेट. जिममध्ये डबे विकायला ठेवलेले नाहीत, कुठल्या दुकानात जा म्हणून पण सांगत नाहीत, सांगलीत हे दुर्मिळच म्हणायचं.

अजून एक, ह्या काळात मन लई खाली जातं, कशातच रस राहत नाही, बायकोशी पण बोलावंसं वाटत नाही. सर दर सोमवारी वजनाबरोबर झोप आणि मूड पण विचारून वहीत लिहितात. माझ्या बॅचच्या एका पोराला त्यांनी व्यायाम थांबवून त्याच्या दादाला बोलावून घेतलं आणि डॉक्टरकडं पाठवलं. ट्रेनरकडून एवढी अपेक्षा पण नसते आपली.

आता कापलेला स्टार. स्क्वॉट रॅक एकच आणि त्यात पण लोक बायसेप्स कर्ल मारत उभे, सर बघून न बघितल्यासारखं करतात. एप्रिलमध्ये पत्र्याखाली जीव जातो, दोन पंखे, त्यातला एक नुसताच फिरतोय. सगळ्यांसमोर शिव्या देतात, ज्याला चालत नाही त्यानं जाऊ नये. फी महिन्याला 1500 आणि वहीचे वेगळे 1000, जिमच्या मानानं जास्त वाटेल, पण पूर्वी महिन्याला किती घालवत होता ते आठवा.

संध्याकाळी सात ते नऊ रॅकला रांग असते, जमत असेल तर दुपारी चारला जा. आणि रिपोर्ट सोबत न्या, नाहीतर मारून मुटकून ट्रेडमिलवर चालवतात आणि घरी पाठवतात.