आरसीबीएस रॉक चकर किट: प्रेस दणकट, मोजमाप अपुरं

रायफलची काडतुसं घरी भरायला, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) नवी पावडर आणि गोळी बसवायला शिकणाऱ्यांना अमेरिकेत आरसीबीएस या कंपनीचं रॉक चकर सुप्रीम किट हमखास सुचवलं जातं. (भारतात परवान्याशिवाय हे काम 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.) त्यातला प्रेस, म्हणजे पुंगळी दाबून मापात आणणारं यंत्र, त्या कौतुकाला पात्र आहे: ओतीव लोखंडाची बंद चौकट, लांब दांडा, एका वेळी एकच डाय (पुंगळीला आकार देणारा साचा). .308 विंचेस्टर या रायफलच्या काडतुसाची पुंगळी त्यात सहज मापात येते. पण नवशिक्याच्या चुका बहुतेक या ताकदीमुळेच लपतात.

वंगण कमी पडलं की पुंगळी डायमध्ये शिरते, पण बाहेर येत नाही. दांडा जोरात ओढला तर शेलहोल्डर (पुंगळीचं बूड धरणारी खोबण) पितळेची कड फाडून रिकामाच खाली येतो. मग पुंगळीच्या बुडाला भोक पाडायचं, आटे पाडायचे आणि स्क्रूने ती ओढून काढायची. वंगण जास्त झालं तर पुंगळीच्या खांद्यावर (अरुंद मानेखालच्या उतारावर) खळगे पडतात. अंगाला बोटाला जेमतेम जाणवेल इतका थर, मानेत आतून ब्रशचा एक फेरा, एवढं पुरतं. दांडा नेहमीपेक्षा जड लागला की तिथेच थांबा.

याहून घातक चूक डाय बसवण्यातली. डाय शेलहोल्डरला टेकवून आणखी पाव फेरा डोळे मिटून आवळला, तर खांदा गरजेपेक्षा मागे जाऊ शकतो. मग प्रत्येक बाराला पितळ बुडाजवळ ताणलं जातं आणि तिथे चकचकीत वळं उमटतं. टोक वाकवलेली पेपरक्लिप आतून फिरवून बघा. ताणामुळे आत पडलेल्या खाचेत अडकली तर पुंगळी भंगारात. हाताने बोल्ट ओढायच्या रायफलला खांदा वाजलेल्या पुंगळीपेक्षा 0.002 इंच मागे सरकला की पुरे.

आता हे मोजणार कशाने? किटात कॅलिपर (बारीक मापं घेणारी मोजपट्टी) नाही, पुंगळीची लांबी कापणारा ट्रिमरही नाही. .308 ची पुंगळी 2.015 इंचांपुढे वाढली की तिचं तोंड चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या) टोकाला आवळलं जातं, गोळी सुटत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. म्हणून ती 2.005 वर कापायची. डाय आणि शेलहोल्डर काडतुसागणिक बदलतात, ते वेगळे घ्यावे लागतात हे समजू शकतं. कॅलिपर न देणं मात्र अजिबात पटत नाही.

किटातला पावडर तोलायचा दांडीचा काटा चांगला आहे, पण पंख्याच्या वाऱ्यानेही हलतो. पंखा बंद करा, शून्य तपासा, टेबलावर एकच पावडरचा डबा ठेवा. पावडरचं भरण मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यापासूनच. गोळी बसवण्याआधी पुंगळ्या उभ्या ठेवायच्या ठोकळ्यातल्या सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारून पावडरची पातळी सारखी आहे का बघा.

पैसे मोजकेच असतील तर पूर्ण किट नको; नुसता प्रेस, काटा आणि मॅन्युअल घ्या आणि उरलेल्या पैशांत आधी कॅलिपर, मग ट्रिमर.