हातगाडी की फूड ट्रक: महाराष्ट्रात परवान्याच्या दृष्टीने काय परवडेल?

वडापाव-चहासाठी हातगाडी घ्यावी की थेट फूड ट्रक, हे ठरवताना आधी जागेचं पाहा. माल जप्त होतो तो बहुतेक जागेच्या कारणावरूनच.

हातगाडीला 2014 च्या पथविक्रेता कायद्याचा आधार आहे. पालिकेच्या सर्वेक्षणात नाव लागलं की विक्री प्रमाणपत्र मिळतं. पण सर्वेक्षण पाच वर्षांतून किमान एकदा, म्हणजे चुकलात तर थांबावं लागू शकतं. प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही. गाडीवर तुम्ही किंवा घरचंच माणूस हवं. हटवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. माल उचलला तर यादी तिथेच मागून घ्या. यादी असेल तर नाशवंत माल दावा केला त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजी दिवसांत परत मागता येतो. यादीवाचून भांडायला हातात काही उरत नाही.

ट्रकचा खर्च मोठा आणि आधी आरटीओ. गाडीच्या रचनेतला बदल आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) चढवल्याशिवाय स्वयंपाकघर बसवू नका; नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. शिवाय आरसी म्हणजे रस्त्यावर विकायची परवानगी नव्हे. खासगी जागा आणि मालकाचं लेखी संमतीपत्र हाच भरवशाचा मार्ग.

एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी आणि व्यावसायिक सिलिंडर दोन्हीकडे लागतात. घरगुती लाल सिलिंडर चालत नाही.

भांडवल कमी, गिऱ्हाईक एकाच नाक्यावरचं, तर हातगाडी. लग्नकार्यं, कंपन्यांची आवारं, प्रदर्शनं गाठायची असतील तर ट्रक.