साइडवेज की वंडर बॉइज: आधी कोणता पाहावा?

मैत्रिणीने विचारलं, "चाळिशीत अडकलेल्या लेखकावरचा, हसवता हसवता आत लागणारा सिनेमा सांग. एकच रात्र मोकळी आहे." दोन नावं सुचली आणि मीच अडकले.

आधी लिहिण्याचं दुखणं पाहू. अलेक्झांडर पेनच्या 'साइडवेज'मधला (२००४) माइल्स शाळेत इंग्रजी शिकवतो. कादंबरी लिहून झालीय, छापायला कुणी तयार नाही. कर्टिस हॅन्सनच्या 'वंडर बॉइज'मधल्या (२०००) प्राध्यापक ग्रेडी ट्रिपचं नाव झालेलं आहे, पण नवी कादंबरी दोन हजार पानांपुढे गेली तरी संपत नाही. काय ठेवायचं, काय सोडायचं हेच त्याला ठरवता येत नाही.

मध्यमवयाचा सल मात्र 'साइडवेज'मध्ये फार खोल आहे. घटस्फोट अजून पचलेला नाही. खास दिवसासाठी जपलेली १९६१ची वाइन माइल्स शेवटी बर्गरच्या दुकानात एकटाच, साध्या कपातून पितो. माइल्स साकारणाऱ्या पॉल जियामाटीचा तेव्हाचा चेहरा मला दर वेळी गप्प करतो.

विनोद आणि वेग हवा तर 'वंडर बॉइज': पिट्सबर्गची थंडी, साहित्य महोत्सव, गाडीच्या डिकीत मेलेला कुत्रा. 'साइडवेज' कॅलिफोर्नियातल्या सांता इनेझच्या द्राक्षमळ्यांतून रमतगमत जातो.

मुलांसोबत दोन्ही नकोत.

काम संपतच नसेल तर 'वंडर बॉइज' पाहा. नकार झेलत असाल तर 'साइडवेज'. मैत्रिणीचं हस्तलिखित नुकतंच परत आलंय, म्हणून तिला मी 'साइडवेज' सुचवला.