प्रबंधासाठी कोणतं गरम पाणी: बेटावरचं की तुरळचं?

एम.एस्सी.ला गरम झऱ्यांच्या रसायनावर प्रबंध करायचा म्हटलं की कोल्हापूरच्या मुलांपुढे दोन वाटा असतात. एक, ज्वालामुखी बेटांच्या किनाऱ्यावरचे झरे घ्यायचे आणि दुसऱ्यांनी छापलेल्या आकड्यांवर कॉम्प्युटरवर काम करायचं. दुसरी, आंबा घाट उतरून कोकणातलं तुरळसारखं उन्हाळं, म्हणजे गरम पाण्याचा झरा, गाठायचं आणि पाणी आपल्या हातानं भरून आणायचं.

रसायन म्हणून बघितलं तर बेटांचं पारडं जड आहे, हे आधी मान्य करतो. आइसलँडच्या रेक्यानेस टोकाला समुद्राचं पाणी भेगांतून खाली मुरतं आणि ३०० अंशांच्या आसपास तापलेल्या बेसॉल्टमधून, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातून, फिरतं. तिथल्या बोअरचं पाणी तपासलं तर क्लोराइड जवळपास समुद्राइतकंच, लिटरला १९,००० मिलिग्रॅमच्या घरात. बाकी सगळं मात्र उलटंपालटं झालेलं. समुद्रात मॅग्नेशियम सुमारे १,३०० मिलिग्रॅम असतं, इथे ते एखाद-दुसऱ्या मिलिग्रॅमवर येतं, कारण खडकात तयार होणाऱ्या मातीच्या खनिजांत ते अडकतं. सल्फेटही जवळजवळ संपतं. कॅल्शियम सल्फेट पाणी तापेल तसं कमी विरघळतं, त्यामुळे ते वाटेतच खडकात साचतं. उलट खडकातलं पोटॅशियम पाण्यात उतरून समुद्राच्या तिपटीवर जातं आणि सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) ५०० मिलिग्रॅमच्या पुढे. जवळच्या ब्लू लगूनचा दुधी निळा रंग याच सिलिकाचा.

ग्रीसच्या सँटोरिनीत गोष्ट वेगळी. तिथल्या कामेनी बेटांवर कोमट पाण्यातून विरघळलेलं लोह वर येतं, हवेतला ऑक्सिजन लागला की गंजाच्या रंगाचं होऊन खाली बसतं. आपल्या देशातलं, अंदमानातलं बॅरन हे ज्वालामुखी बेट मात्र यादीतून काढूनच टाका, पर्यटकांना तिथे उतरू देत नाहीत.

आता कोकण. पालघरकडून राजापूरपर्यंत किनाऱ्याला समांतर ही उन्हाळी पसरली आहेत. खडक बहुतेक ठिकाणी बेसॉल्टच, आपल्या अंबाबाईच्या देवळाला आहे तसला काळा, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालेला. इथे ज्वालामुखीची उष्णता नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, जमिनीच्या नेहमीच्या उष्णतेनं तापतं आणि वर येतं. संगमेश्वरजवळच्या तुरळला ते ६० अंशांच्या आसपास असतं. पोटॅशियम अगदी थोडं, सिलिका रेक्यानेसच्या मानानं कितीतरी कमी. मॅग्नेशियम इथेही नगण्यच, म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष काढू नका. सोडियम आणि पोटॅशियमचं गुणोत्तर काढा. रेक्यानेसला ते सातच्या आसपास येतं, समुद्राला सत्तावीस-अठ्ठावीस. पाणी खोलवर किती तापलं होतं याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

माझं मत तुरळच्या बाजूनं आहे, आणि ते जवळ आहे एवढ्यापुरतं नाही. सोडियम-पोटॅशियम मोजायला फ्लेम फोटोमीटर, कॅल्शियम-मॅग्नेशियमला ईडीटीए हे रसायन, क्लोराइडला सिल्व्हर नायट्रेट, सिलिकाला मोलिब्डेट आणि कलरीमीटर. हे सगळं आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतं. आकडा कुठे चुकतो हे स्वतः बाटली भरल्याशिवाय कळत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गरम पाणी काठोकाठ भरून बूच घट्ट लावलं. घाट चढेपर्यंत पाणी निवलं आणि बाटल्या आत दबल्या. ते चालतं. पण पीएच मी कोल्हापुरात येऊन मोजला, आणि तोवर पाण्यातला वायू निघून गेला होता. सगळी फेरी वाया गेली.

म्हणून पीएच आणि अल्कलिनिटी (पाणी किती आम्ल पचवू शकतं ते) झऱ्यावरच मोजा. गाळलेल्या पाण्याच्या एका बाटलीत शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब टाका, ती धातूंसाठी. क्लोराइडसाठी आम्ल न घातलेली वेगळी बाटली ठेवा. सिलिकाची बाटली तिथेच डिस्टिल्ड वॉटरनं दहापट पातळ करा, नाहीतर पाणी निवताना सिलिकाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि मोलिब्डेटला सापडत नाहीत. पावसाळा टाळा, फेब्रुवारी ते एप्रिल बरा.

ज्यांना प्रयोगशाळेपेक्षा गणितात रस आहे, त्यांनी मात्र बेटच घ्यावं. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि समुद्राचं पाणी तापवत नेलं तर कोणतं खनिज कधी बाहेर पडतं हे त्यात पायरी-पायरीनं बघता येतं. तुरळ घेणाऱ्यांनीही रेक्यानेसचे आकडे शेजारच्या रकान्यात ठेवावेत. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.