गिट, ह्यूगो आणि मराठी नावांच्या फायली : वर्षभर वापरल्यावर

मे महिन्यात व्होल्टेज वर-खाली झालं आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. आमच्या समुद्रपूर तालुक्यात लाइन कशी असते, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. शेतकरी कंपनीच्या साइटचं सगळं त्या डिस्कवर होतं : वायगाव हळदीची पानं, तूरडाळीचे भाव, जवसाच्या तेलाची लेबलं. पण ते गिटमध्येही होतं, म्हणजे फायलींचा प्रत्येक बदल इतिहासासकट जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. जुन्या लॅपटॉपवर नेटवरून गिटमधली पूर्ण प्रत उतरवली आणि एकही ओळ न गमावता काम पुन्हा सुरू झालं. एक पैसा लागला नाही.

पूर्वीची साइट शहरातल्या एका डेव्हलपरने करून दिली होती. मजकूर थेट टेम्पलेटात, म्हणजे पानाच्या साच्यात, कोंबलेला. डाळीचा भाव बदलायचा तरी त्याला फोन करायचा, आणि मग दरवेळी वेगळं बिल. ह्यूगो हे मजकुराच्या फायली आणि टेम्पलेट जोडून साइट बनवणारं सॉफ्टवेअर. त्यात मजकूर एका फोल्डरात, टेम्पलेट दुसऱ्यात, भाव डेटा फोल्डरातल्या एका वायएमएल फायलीत, म्हणजे साध्या मजकुराच्या यादीत. थीमच्या, म्हणजे साइटच्या तयार डिझाइनच्या, मूळ टेम्पलेटाला हात लावावा लागत नाही : त्याच नावाची फाईल आपल्या लेआउट्स फोल्डरात ठेवली की ह्यूगो आपलीच आधी धरतो. थीमची नवी आवृत्ती आली तरी आपले बदल तसेच राहतात. या भागाबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती फायलींच्या नावांबद्दल, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे मजकूर बदलायचं काम बचत गटातल्या एक ताई करतात. इंग्रजी त्यांना सुधरत नाही, म्हणून सगळ्या फायलींना मराठी नावं दिली : हळद, तूरडाळ, जवस-तेल. पहिल्याच दिवशी त्यांनी ‘गिट स्टेटस’ (बदललेल्या फायलींची यादी) बघितलं, तर ‘हळद’च्या जागी ३४०, २४४, २७१ असे आकडे, प्रत्येकाआधी तिरपी रेघ. ताई म्हणाल्या, “भाऊ, हे काय लिवलं हो? माही फाईल कुठं गेली?”

फाईल जागेवरच होती. कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि गिट इंग्रजीबाहेरचा प्रत्येक बाइट अष्टमान (आठच्या पायाच्या) आकड्यात दाखवतं. म्हणजे ‘हळद’ या तीन अक्षरांचे नऊ आकडे. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट लिहिलं, तिथे फायलींची नावं इंग्रजीच होती. पण आज गिट जगभर वापरलं जातं आणि तरीही हाच मूळ पर्याय आहे. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नावं मराठीत दिसू लागतात. एका ओळीचा उपाय आहे, पण तो माहीत असावा लागतो. माहीत नसलेला माणूस पहिल्याच दिवशी ‘आपल्याच्यानं होत नाही’ म्हणून उठून जातो, आणि मग साइट पुन्हा डेव्हलपरच्या हातात जाते. याचा मला राग येतो.

याहून चिवट अडचण ‘शेतकऱ्यांसाठी’ या पानाने दिली. यातला ‘ऱ्य’ दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो : एका कीबोर्डवर ‘ऱ’ हे सबंध अक्षर येतं, दुसऱ्यावर साध्या ‘र’पुढे अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला फरक दिसत नाही, गिटला मात्र त्या दोन वेगळ्या फायली. ताईंनी मोबाइलवरून नाव टाइप केलं आणि एकाच नावाची दोन पानं उभी राहिली. आता नावात ‘ऱ्य’ आलाच तर आधीच्या फायलीचं नाव कॉपी करायचं, हा नियम. आणि पानाचा पत्ता फायलीच्या नावावर न सोडता स्लगमध्ये (पानाच्या पत्त्यासाठीच्या वेगळ्या नोंदीत) लहान इंग्रजी शब्द द्यायचा, कारण मराठी पत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक रांग होते आणि गिऱ्हाइकाला ती फसवणुकीची लिंक वाटते.

डिझाइनच्या फायलींबद्दल माझं मत मध्येच बदललं. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होतो की गिट डिझाइनसाठी नाही. फोटो किंवा पीएसडी (फोटोशॉपची फाईल) जरा बदलला तरी काय बदललं ते दिसत नाही, जुनी प्रत इतिहासात पडून राहते आणि बोजा वाढत जातो. ते अजूनही खरं आहे, मोठे फोटो मी बाहेरच्या डिस्कवरच ठेवतो. पण लेबलं इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीजी फायली म्हणून केली आणि चित्र पालटलं. एसव्हीजी म्हणजे शेवटी मजकूरच. निव्वळ वजन २०० ग्रॅमचं २५० केलं, तर नेमकी तीच ओळ बदललेली दिसते. छपाईवाल्याकडे आपला फॉन्ट नसतो, म्हणून त्याला अक्षरांचे पाथ (नुसते रेषांचे आकार) केलेली पीडीएफ द्यायची, पण गिटमध्ये अक्षरं अक्षरंच राहिलेली मूळ फाईल ठेवायची. पाथ केलेल्या फायलीत पुढच्या वेळी साधा भावही बदलता येत नाही.

नेटचं म्हणाल, तर रोजच्या कामात गिटसारखं सोयीचं काही नाही. लाइन नसो, रेंज नसो, लॅपटॉपच्या बॅटरीवर कमिट (बदलांच्या नोंदी) होत राहतात, आणि गच्चीवर रेंज मिळाली की फक्त फरक तेवढा वर जातो. मोबाइलचा डेटा जाणवेल इतका खर्च होत नाही. पूर्ण प्रत उतरवताना मात्र जीव जातो. क्लोन, म्हणजे हे पूर्ण प्रत उतरवणं, अर्ध्यावर तुटला तर पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून सुरू. हार्ड डिस्क गेली त्या दिवशी हेच सारखं होत राहिलं. शेवटी ‘डेप्थ १’ लावून फक्त ताजी अवस्था उतरवली, साइट चालू केली, आणि मागचा इतिहास रात्री थोडा थोडा ओढला. आमच्यासारख्या गावात पहिला क्लोन असाच करावा. आणि तो करायच्या आधी कोटपाथ बंद करावा.