खाडीकाठच्या विहिरीवर गोड्या पाण्यातली पाकटं : अकरा महिन्यांनंतर

टाकी 6 × 3 × 2 फुटांची, काच 12 मिमी, खाली सम्प (फिल्टरची वेगळी टाकी), आत मोटोरो जातीची दोन पाकटं. पाणी जांभ्यात खणलेल्या विहिरीचं. भरलेली टाकी टनाच्या घरात जाते, त्यामुळे पडवीतल्या सारवलेल्या जमिनीचा विचार सोडा. खाली काँक्रीटच हवं. उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण मोटोरोच्या अंगाची तबकडी वाढत दीड फुटापर्यंत जाते आणि तिला वळायला जागा लागते.

बाकी सामान पैसे टाकले की मिळतं. कोकणात खरी परीक्षा विहीर घेते.

पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरते आणि पाणी जवळजवळ पावसाचंच होतं. केएच (पीएच घसरू न देणाऱ्या क्षारांचं माप) 1 वर येतो, पीएच 6 च्या खाली घसरतो, फिल्टरमधले, माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे जिवाणू सुस्तावतात आणि अमोनिया साठू लागतो. मासे मात्र ठीक दिसतात, कारण आम्लधर्मी पाण्यात तो अमोनियमच्या रूपात असतो आणि फारसा बाधत नाही. घात होतो तो पुढे. पीएच पाहून कोणीतरी घाईने खायचा सोडा टाकतं, पीएच साडेसातवर जातो आणि तोच अमोनियम विषारी अमोनिया होतो. क्रम उलटा हवा: आधी दोन-तीन दिवस रोज 25 टक्के पाणी बदला, खाणं बंद ठेवा, अमोनिया शून्याजवळ आला की मग केएच हळूहळू वाढवा. त्यासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या उत्तम. वास जाईपर्यंत उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, जाडसर फोडून किलोभर जाळीच्या पिशवीत भरायच्या आणि सम्पमध्ये धारेखाली ठेवायच्या. केएच 3 ते 4 वर टिकला की पुरे.

गढूळ लाल पाण्यात तुरटी फिरवायची आपली सवय इथे नडते. आधीच नसलेला केएच तुरटी आणखी खाते. पाणी ड्रममध्ये दिवसभर निवळू द्या, वरचं तेवढं घ्या.

एप्रिल-मेमध्ये गणित फिरतं. खाडीजवळची विहीर मचूळ होते, आणि जिभेला कळण्याआधी विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरला कळतं. समुद्रातलं पाकट रक्तात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी जमवून घेतं. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधल्या या पाकटांत ती सोय उरलेली नाही, मीठ बाहेर टाकणारी ग्रंथीही खुरटलेली. तेव्हा आजारावर ‘थोडं मीठ टाका’ हा सल्ला यांना सरसकट लावू नका. तांबं असलेली औषधं तर नकोतच. उन्हाळ्यासाठी हजार लिटरचा साठा वेगळा ठेवलेला बरा. पाणी 31 अंशांवर गेलं की प्राणवायू कमी पडतो. दमट हवेत सम्पवरचा पंखा एखाद-दोन अंशच उतरवतो, म्हणून दुसरा एअर पंप लावा, तोही बॅटरीवर चालणारा. वादळात वीज कधी जाईल याचा नेम नाही.

हीटर सम्पमध्येच. टाकीत उघडा ठेवला तर पाकट त्यावर जाऊन पडतं आणि पोट भाजून घेतं. वाळू नदीची, बारीक. किनाऱ्यावरची नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो.

खाणं : करंदी सोलून, गांडुळं, बुडणाऱ्या गोळ्या. नुसत्या कोळंबीवर ठेवलं तर बी-1 जीवनसत्त्व कमी पडतं. तारली तेलकट, पाण्यावर तवंग धरते. गांडूळखतातली लाल गांडुळं उग्र वासामुळे बरेचदा थुंकली जातात. आगरातली चालतात, फक्त फवारणी झालेल्या कलमांखालची नकोत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा मेमध्येच पाव-पाव किलोच्या पुड्या गोठवून ठेवा. शेपटीच्या बुडाशी कमरेची हाडं वर दिसू लागली तर खाणं कमी पडतंय. तबकडीच्या कडा वर वळल्या तर पाणी तपासा, लगेच.

सोबतीला प्लेको (काचेवरचं शेवाळ चाटणारा मासा) नको, तो पाकटाच्या पाठीवरचा चिकट थर ओरबाडतो. हलवताना जाळी वापरू नका, शेपटीवरचा विषारी काटा अडकतो, टबात घ्या. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 43 ते 45 अंश, अर्धा ते दीड तास जखम बुडवायची. भाजणार नाही ना, हे आधी दुसऱ्या हाताने बघायचं. खोल रुतलेला काटा उपटायचा नाही, दवाखाना गाठायचा.

काळ्यावर पांढरे ठिपके असलेली लिओपोल्डी ही पाकटाची जात कोणी स्वस्तात देत असेल तर आधी कागद मागा. 2023 पासून ती साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहे.