सोनं काढून लावायचं क्रीम

पांढरी प्लास्टिकची डबी, सोनेरी झाकण, वर कुठल्यातरी परदेशी लिपीतलं स्टिकर आणि एका गोऱ्यापान बाईचा फोटो. बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, बॅच नंबर नाही, किंमतही छापलेली नाही. गोरं करणाऱ्या क्रीमची अशी डबी तुमच्या बचत गटात किंवा हळदीकुंकवात फिरत असेल तर पुढचं नीट वाचा. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातलं. इथे ती घरोघरी शिरली.

आणणारी बाई परकी नव्हती, सगळी मेख तिथेच आहे. आमच्या गटाच्या अध्यक्षांच्या माहेरकडची. हप्त्याच्या बैठकीला आली तेव्हा विकायचं नावसुद्धा काढलं नाही तिने. चहा घेतला, पोराबाळांची चौकशी केली, मोबाइलमधले आधीचे-नंतरचे फोटो दाखवले. मग माझ्या गालाकडे पाहून म्हणाली, "वहिनी, लेकराच्या वेळचा वांग हाय ना हा? असाच ठेवला काऊन?"

होता खरा दुसऱ्या बाळंतपणापासूनचा. गरोदरपणात वांग येतो आणि उन्हानं गडद होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतो, तोंडाला दुपट्टा गुंडाळतो, तरी डोळ्यांखालचा भाग उघडाच राहतो, आणि वांग नेमका तिथेच. माझ्या धाकट्या जावेचं दुखणं वेगळं. तिच्या वडिलांनी बायोडाटात रंगाच्या रकान्यात 'निमगोरी' लिहिलं होतं. पोरगी सावळी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी घरातलं एखादं माणूस तो कागद आठवून हसतंच. ती लगेच डबी उघडून बसली.

डबी साडेचारशेची. त्या हंगामात वेचणीचा भाव किलोला आठ-नऊ रुपये होता, म्हणजे पन्नासेक किलो कापूस वेचला की एक डबी.

डबी देताना तिने एक सूचना केली: "मंगळसूत्र, कानातलं काढून ठेवा मंग लावा. सोन्याले लागू देऊ नका." आम्हाला वाटलं, बाई दागिन्यांची काळजी करते आहे. पुढे डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान वर केली. पारा सोन्याला लागला की सोन्यात शिरतो आणि सोनं पांढरट पडतं. म्हणजे डबी भरणाऱ्याला आत काय आहे ते पक्कं ठाऊक असणार. विकणारीला ठाऊक होतं का, यावर आमच्या गटात अजून भांडणं होतात. माझं मत सांगू? नसेल ठाऊक. पण पुढे जे झालं त्यानंतर तिने विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही.

क्रीमने गुण दिला. लोक समजतात फसवणूक म्हणजे डबीत नुसतं व्हॅसलीन. तसं असतं तर पैसे बुडाले म्हणून गप्प बसलो असतो. पारा कातडीचा रंग तयार होणंच अडवतो, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. असल्या डब्यांत पुष्कळदा स्टेरॉइडही घातलेलं असतं. त्याने पुरळ बसतं, कातडी काही दिवस काचेसारखी दिसते आणि आतून पातळ होत जाते. जाऊ उजळली तशी गल्लीतल्या बायका स्वतःहून विचारायला आल्या. मग त्या बाईने 'एजन्सी'चं काढलं. सहा हजार भरा, डब्या घ्या, नफा ठेवा. तिघींनी भरले. एकीने त्यासाठी गटातूनच कर्ज उचललं.

मी मधे काही दिवस लावायचं थांबवलं तर तोंडाची आग आग झाली. लालभडक गाल, बारीक फोड, चुलीपुढे बसवेना. बाईला फोन केला तर म्हणे, "बंद केलं म्हणूनच झालं ना वहिनी. चालू ठेवा, अन् मेडिकलातून ती खाजेची ट्यूब आणून त्यात मिसळा." ट्यूबही स्टेरॉइडचीच. अशी कितीतरी मलमं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, पण मागितली तर मिळतात. चटक लागते ती अशी: थांबलं की चेहरा बिघडतो, आणि तो बिघडलेला चेहराच पुढची डबी खपवतो. त्या दिवसांत नणंदेच्या घरच्या वास्तूला मी गेले नाही, आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता.

जावेच्या पायांना सूज आली. सकाळी डोळे सुजलेले, लघवीला फेस. घरच्यांना वाटलं, उन्हात राबते म्हणून. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजला नेलं तेव्हा लघवीतून प्रथिन जात असल्याचं निघालं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने पहिल्याच भेटीत विचारलं, "चेहऱ्याला काय लावता?" जाऊ गप्प. मी पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली. रक्त नागपूरला तपासायला पाठवलं, पारा जास्त निघाला. क्रीम बंद केल्यावर आणि औषधांनी लघवीतलं प्रथिन आता कमी होत आहे, तपासण्या चालूच आहेत.

ही आपल्याकडची पहिली गोष्ट नव्हे. २०२३ मध्ये अकोल्याची बातमी पेपरात होती: एक तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या किडन्या बिघडल्या आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर क्रीममध्ये पारा सापडला. डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही, असा आपला कायदा आहे.

"शिकलेल्या बाया अन् अशा कशा फसल्या?" असं आम्हाला विचारणारे खूप भेटले. त्यातले निम्मे सून बघायला गेले की आधी रंग बघतात.

तक्रारीला गेलो तर पहिला प्रश्न, बिल आहे का? बिल कुठून असणार. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला, त्यांनीही बनवणाऱ्याचं नाव विचारलं. शेवटी डबी अन्न व औषध प्रशासनाकडे दिली. पोच घेतली आहे, पुढचं काही कळलेलं नाही. गटातल्या बायका सही करत नाहीत, कारण अध्यक्षांचं माहेर मधे येतं. म्हणून सांगते, ओळखीतल्या बाईकडून काहीही घेतलं तरी पैसे फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते, आणि रिकामी डबीसुद्धा फेकू नका. वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही.

उरलेल्या डब्या चुलीत टाकू नका. आमच्याकडे एकीने रागाने टाकली. पाऱ्याची वाफ नाकातून जाते आणि चुलीपाशी लेकरं असतात. पिशवीत गच्च बांधून उंचावर ठेवा. क्रीम लावत असाल तर लघवीची अल्ब्युमिनची, म्हणजे त्यातून जाणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करून घ्या, पाय सुजायची वाट बघू नका.

ती बाई आता दिग्रसकडच्या गावांत फिरते, असं कळलं. डबीचं झाकण गुलाबी झालं आहे म्हणे.